बाबांच्या वहीतली उलटी पानं

गल्लीत तिला सगळे चौकशीबाई म्हणायचे, आणि हे नाव तिला उगीच पडलेलं नव्हतं. पुस्तकं बांधायचा धंदा तिचा. फाटकं पुस्तक घेऊन गिऱ्हाईक आलं की कुठलाही शहाणा बाइंडर विचारेल, "कधी हवंय?" ही विचारायची, "मधले तीन फर्मे कुणी शिवले?"

फर्मा म्हणजे घडी घातलेला सोळा पानांचा जुडगा. असे दहा-वीस फर्मे एकावर एक शिवले की पुस्तक होतं.

"कुणी म्हणजे?" गिऱ्हाईक बिचारं गोंधळायचं.

"अहो, बाकी सगळीकडे सुती दोरा आहे आणि या तिघांनाच तागाचा. मध्ये कुणीतरी उसवून पुन्हा शिवलंय. एखादं पान काढलं असेल, नाहीतर घातलं असेल. तुमच्या घरात कुणाला हा नाद होता का?"

"बाई, माझी बस आहे हो पाच मिनिटांत."

"बरं बरं. मंगळवारी या."

गिऱ्हाईक जायचं, प्रश्न टेबलावर राहायचा. दुकान दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत लांब टेबल, लोखंडी शिकंजा, पुठ्ठ्यांची चळत आणि खळीचा आंबूस वास. कोपऱ्यात जुना कटर, रिम कापायचा, त्याच्या पात्यावर कायम गोणपाट टाकलेलं. मागच्या खोलीत तिची आई, वय ब्याऐंशी, खिडकीशी खुर्ची, अंगावर शाल. ऊन असो की थंडी, शाल असायचीच, कारण डावा हात त्या शालीत असायचा. चौकशीबाई आठ महिन्यांची होती तेव्हा आईची त्या हाताची दोन बोटं कटरखाली गेली होती. घरात ही गोष्ट एका वाक्यात संपायची: आईने मध्येच हात घातला. साऱ्या गावाला प्रश्न विचारणाऱ्या या बाईने या वाक्यावर कधी दुसरा प्रश्न विचारला नव्हता. घरातल्या गोष्टींचं असंच असतं म्हणा.

त्या सोमवारी दादा आला. दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ, सरकारी कचेरीतून हेड क्लार्क म्हणून निवृत्त झालेला. छत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या मसुद्यांवर लाल पेन चालवलेलं, आणि जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. लग्नाच्या पत्रिकासुद्धा तो दुरुस्त करून परत पाठवायचा. त्याने टेबलावर दोन गोष्टी ठेवल्या. एक बाबांची जुनी वही आणि दुसरा छापील कागदांचा गठ्ठा.

"शाळेचं पक्कं झालं," तो म्हणाला. शाळा म्हणजे बाइंडिंग शिकवणारी शहरातली शाळा. "बाबांची वही क्रमिक पुस्तक म्हणून छापतायत. वर बाबांचं नाव, आत फोटो. मी सगळी टाइप करून काढलीय. शुक्रवारी दुपारी छापखान्यात द्यायची. तू फक्त ती उलटी पानं तपासून दे. शिवणीतलं मला काय कळतंय?"

उलटी पानं हा घरातला जुना विनोद होता. बाबा बारा वर्षांपूर्वी गेले. सगळ्या शहरात त्यांच्यासारखा बाइंडर नव्हता असं लोक अजून म्हणतात. पण वहीच्या चाळीस पानांपैकी शिवणीच्या अकरा पानांत त्यांनी डावं-उजवं साफ उलटं लिहून ठेवलं होतं. सुई उजव्या हातात धरायची तिथे डाव्या. डावा हात फर्म्याच्या घडीत घालायचा तिथे उजवा. सुरुवात उजव्या टोकाकडून करायची तिथे डाव्या टोकाकडून. जो नवा माणूस ती पानं वाचून शिवायला बसला, त्याने अर्धं उलटं आणि अर्धं सुलटं करून दोऱ्याचं कडबोळं केलंच. बाबा म्हणजे मोठा माणूस, मोठ्या माणसाची मोठी चूक, असं म्हणून सगळे हसायचे.

"पहिल्यांदा मी कॉम्प्युटरला सांगितलं, 'डावा' दिसेल तिथे 'उजवा' कर," दादा म्हणाला. "केलं. मग सांगितलं, 'उजवा' दिसेल तिथे 'डावा' कर."

"मग?"

"मग काय! सगळेच डावे झाले. अख्ख्या पुस्तकात कुणाला उजवा हातच उरला नाही. शेवटी एकेक शब्द हाताने बदलला."

ती खो खो हसली, पण हसता हसता थांबली. "दादा, बाबा म्हणाले होते, या पानांना हात लावायचा नाही."

"कधी?"

"मी दहा वर्षांची असेन. मी म्हटलं, बाबा, इथे उलटं झालंय. ते म्हणाले, तसंच राहू दे. एवढ्या तेवढ्यावर पेन्सिल घेणारा माणूस, पण त्या पानांना त्यांनी कधी हात लावला नाही."

"हट्टी होते," दादा म्हणाला. "स्वतःची चूक कुणाला आवडते? पण पोरं ते वाचून शिकणार आहेत, बाई. चुकीचं छापून बाबांचं हसं करायचं का?"

तिने दोन्ही गठ्ठे कपाटावर ठेवले. एकीकडे बाबांचा शब्द, दुसरीकडे बाबांची अब्रू, आणि मध्ये चार दिवस.

दुसऱ्या दिवशी मास्तर आले. धर्मशिक्षणाच्या शाळेत चाळीस वर्षं हिब्रू आणि ग्रीक शिकवून निवृत्त झालेले, उंच, वाकलेले, खिशात कायम तीन पेनं आणि त्यातलं एकही न चालणारं. त्यांनी हातगाडीवरून पवित्र शास्त्राची, म्हणजे बायबलची, एक भलीमोठी जुनी प्रत आणली होती. कणा तुटलेला, फर्मे सुटे. "प्रार्थनेच्या खोलीतली आहे," ते म्हणाले. "शंभर वर्षं लोकांनी हाताळलीय. वाचवा."

पुस्तक बांधायचं तर आधी सगळी पानं क्रमाने लावावी लागतात. क्रम लावताना पानाची शेवटची ओळ आणि पुढच्याची पहिली ओळ जुळते का बघावं लागतं. तेवढं वाचणं तिला चुकत नसे. बुधवारी सकाळी मास्तर चौकशीला आले, तर त्यांचीच चौकशी सुरू झाली.

"मास्तर, ही पहिली पाच पुस्तकं कुणाची म्हणालात?"

"मोशेची. परंपरा तसं सांगते."

"मग मोशे मेल्यानंतरचं कुणी लिहिलं?"

मास्तरांनी चष्मा काढला. "कुठवर वाचलंत?"

"वाचत कुठे होते? पानं लावत होते. पाचव्याच्या शेवटी तो डोंगरावर मरतो, त्याला पुरतात. वर लिहिलंय की त्याची कबर आजवर कुणाला ठाऊक नाही. आता 'आजवर' म्हणजे कधीवर? जो मेला तो 'आजवर' कसा म्हणेल?"

"बाई, तुम्ही माझ्या वर्गात का नव्हता?" मास्तर म्हणाले आणि न विचारता स्टूल ओढून बसले. "हा प्रश्न फार जुना आहे. जुन्या ज्यू गुरूंनीच तो विचारला होता. एक म्हणाला, शेवटच्या आठ ओव्या मोशेच्या शिष्याने लिहिल्या. दुसरा म्हणाला, छे, देव सांगत गेला आणि मोशे स्वतःच्या मरणाची हकीगत रडत रडत लिहीत गेला."

"तुम्हाला कुठलं पटतं?"

"पटतं पहिलं. आवडतं दुसरं. रडत लिहिणारा माणूस डोक्यातून जात नाही."

मग तिने एक फर्मा पुढे ओढला. "आणि हे पुराचं. एका ठिकाणी नोहाला सांगितलं, प्रत्येक प्राण्याची एक जोडी घे. पान उलटलं तर शुद्ध प्राण्यांचे सात-सात घे. पाऊस चाळीस दिवसांचा, पाणी मात्र दीडशे दिवस चढलेलंच. मला वाटलं पानं मागेपुढे झाली. तीनदा लावून पाहिली."

"पानं बरोबर आहेत. बरेच अभ्यासक म्हणतात, तिथे दोन गोष्टी एकात विणल्यात. वेगवेगळ्या लोकांनी, वेगवेगळ्या काळात सांगितलेल्या. एकीत देवाचं एक नाव, दुसरीत दुसरं. एकीला आकडे आणि मापं आवडतात, दुसरीतला देव माणसासारखा येतो-जातो, नोहा आत गेला की स्वतः मागून दार लावतो. नक्की कुणी, कधी, यावर मात्र अजून भांडणं चालू आहेत. मीही त्यात पुष्कळ भांडलो."

"पण जोडणाऱ्याला दिसलं नाही का, जुळत नाही ते?"

"दिसलंच असणार. आंधळा थोडाच होता! त्याच्यापुढे दोन गोष्टी होत्या, दोन्ही कुणाच्या तरी वाडवडिलांनी जपलेल्या. एक खरी म्हणून दुसरी फेकायची त्याची छाती झाली नाही. दोन्ही ठेवल्या, जशा होत्या तशा." मास्तर उठले, दारात पुन्हा वळले. "मी मुलांना एकच सांगायचो. जुन्या ग्रंथात चूक सापडली की लाल पेन काढू नका. पुष्कळदा ती चूक नसते. तिथे दुसरं माणूस असतं."

मास्तर गेले. चौकशीबाईच्या हातातली, घड्या दाबायची हाडाची पट्टी तशीच हातात राहिली. मग तिने स्टूल लावून कपाटावरची वही खाली काढली.

आधी तिने आपल्या सवयीप्रमाणे दोरा पाहिला. सगळीकडे एकच. कागद एकच. अक्षर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत बाबांचं, तेच उभट, तेच टोकदार. दोऱ्याने या वेळी तिला काही सांगितलं नाही. मग तिने एक गोष्ट केली जी आयुष्यात केली नव्हती. बाबांची वही वाचली. म्हणजे वापरली होती हजारदा, पण कोण बोलतंय हे ऐकत वाचली नव्हती.

एकोणतीस पानांत बाबा होते. शंकाच नाही. 'पुठ्ठा साडेनऊ इंच. खळ तीन भाग पाणी.' आकडे, यादी, खाली दोन रेघा. बाबा जेवायलासुद्धा यादी केल्यासारखे बसायचे. आणि मग ती अकरा पानं. 'आधी बस. घाई असेल तर ऊठ.' इंच कुठेच नाहीत. दोरा 'हाताच्या कोपरापासून बोटापर्यंत, चार वेळा', टाका 'अंगठ्याच्या पेराएवढा'. यादी नाही, रेघा नाहीत. एका जागी लिहिलं होतं: 'दोरा ओढताना रागवू नये, तो तुटतो. रागवायचं असेल तर खळ ढवळ.' आणि त्याच्या पुढच्या पानावर: 'पोर रांगायला लागलं की सुया फळीवर ठेव.'

"अगं बाई," ती मोठ्याने म्हणाली. बाबांना पोर रांगतंय की चालतंय हे कधी कळलं होतं? शाळेत घालायच्या दिवशी त्यांनी तिला विचारलं होतं, तू कितवीत.

पण अंदाज म्हणजे पुरावा नव्हे. तिने तीन कोरे फर्मे घेतले, दोऱ्याला मेण लावलं, वही समोर उघडी ठेवली आणि पानात लिहिलं होतं तसंच, अक्षरशः तसंच करायला बसली. उजवा हात फर्म्याच्या घडीत. सुई डाव्या हातात. सुरुवात डाव्या टोकाकडून. आजवर सगळ्यांनी पान वाचलं होतं ते मनातल्या मनात सुधारत, नाहीतर निम्मं मानून. तिने काहीच सुधारलं नाही. डावा हात गाढवासारखा अडला. सुई दोनदा अंगठ्यात गेली, तिने दोन्ही वेळा बोलू नये ते बोलून घेतलं. पण टाका चुकला नाही. पहिला फर्मा झाला, दुसरा त्यावर बसला, गाठ पान म्हणत होतं तिथेच आली. तिसऱ्या फर्म्याला पान म्हणत होतं, 'आता खालच्या टाक्यातून मागून ये, बोट सांगेल'. तिच्या डाव्या बोटाने खरंच सांगितलं.

अकरा पानांत एकही चूक नव्हती. एकसुद्धा नाही. ती पानं डावखुऱ्या माणसाची होती. बाबा उजव्या हाताचे होते.

शिवलेले तीन फर्मे तिच्या मांडीवर पडले होते, आणि ती कोपऱ्यातल्या कटरकडे पाहत होती. आईने मध्येच हात घातला. कुठला हात? माणूस घाईत कुठला हात आधी घालतो? जो त्याचा हात असतो, तोच ना! चोपन्न वर्षं ती या घरात वावरत होती, लोकांच्या पुस्तकांचे उसवलेले टाके ओळखत होती, आणि हे तिने कधी विचारलं नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. तिला स्वतःचा असा राग आला की डोळ्यात पाणी आलं.

मागच्या खोलीत दुपारचं ऊन खिडकीतून आईच्या पायांवर आलं होतं. चौकशीबाईने काही न बोलता ते तीन फर्मे आईच्या मांडीवर ठेवले. आईने उजव्या हाताने ते उलटेसुलटे केले, कण्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, "हे कुणी शिवलं? हात कच्चा आहे."

"मी. डाव्या हाताने."

आईचा अंगठा थांबला.

"बाबांच्या वहीतलं वाचून," लेक म्हणाली. "आई, ती पानं कुणाची?"

"कुणाची म्हणजे? त्यांचीच. अक्षर बघ की त्यांचं."

"अक्षर त्यांचं आहे. बोलतंय कोण?"

"तुला काय करायचंय? जा, ते खळीचं भांडं बघ, करपेल."

"गॅस बंद आहे. आई, तू डावखुरी होतीस?"

आई खिडकीबाहेर बघत बसली. बाहेर काही नव्हतं, समोरच्या घराची भिंत आणि पाण्याचा पाइप. लेकीनेही घाई केली नाही. ती खाली फरशीवर बसली, आईच्या खुर्चीला टेकून.

"आमच्या घरी सगळ्यांना शिवता यायचं," आई शेवटी म्हणाली. "तुझ्या आजोबांचा कारखाना होता ना. तुझे बाबा तिथे शिकायला आले. त्यांना शिवण मी शिकवली. समोरासमोर बसून. त्यांचा उजवा, माझा डावा, म्हणून त्यांना आरशात बघितल्यासारखं पटकन आलं. पुढे हे दुकान काढलं. कापायचं आणि पुठ्ठ्याचं ते बघायचे, शिवायचं मी. तू झालीस, तुला झोपवून शिवायची. मग तो दिवस." तिने शाल सारखी केली. "दुखलं त्याचं काही नाही गं. दुखणं जातं. पण मला सगळं बोटांत यायचं. डोक्यात नव्हतंच. बोटं गेली आणि मला वाटलं, आता हे सगळं गेलं. मी जेवेना, बोलेना. तुला दूधसुद्धा शेजारणीने पाजलं."

"मग?"

"मग त्यांनी ही वही आणली. म्हणाले, सांग. मी म्हटलं, मला नाही येत सांगायला. म्हणाले, डोळे मीट आणि शिव, आणि शिवतेस ते बोल. रोज दुकान बंद केल्यावर जेवणाआधी बसायचो. मी हवेत हात हलवायचे, वेड्यासारखी, आणि बोलायचे. ते लिहायचे. रागवायचं असेल तर खळ ढवळ, हेसुद्धा लिहिलं. मी म्हटलं, अहो ते गमतीनं म्हटलं, खोडा. नाही खोडलं."

"आणि डावं-उजवं?"

"मीच म्हटलं त्यांना. म्हटलं, उलटं करून लिहा, लोकांचा हात उजवा असतो, कुणाला उपयोगी पडायचं नाही." आईचा आवाज आता बारीक झाला होता. "ते म्हणाले, हा तुझा हात आहे. मी तो सरळ केला, तर तो जाईल. एकदा गेला तेवढा पुरे."

चौकशीबाईने आईच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं आणि रडली. त्या माणसाला दादाने हट्टी म्हटलं ते तिने ऐकून घेतलं होतं. हसली होती त्या पानांना, पाहुण्यांना दाखवून दाखवून हसली होती.

"तू कधी सांगितलं का नाहीस?"

"विचारलंस कधी?" आई म्हणाली, आणि तिच्या डोक्यावर उजव्या हाताने एक टप्पल मारली. "साऱ्या जगाच्या चौकशा करतेस."

शुक्रवारी दुपारी मास्तर पुस्तक न्यायला आले आणि त्याच वेळी दादाही आला, घड्याळ बघत. छापखाना पाचला बंद होत होता. मास्तर ग्रंथाच्या नव्या कण्यावरून हात फिरवत होते, आणि चौकशीबाईने दादाला सगळं सांगितलं, एका दमात, मागचं पुढे आणि पुढचं मागे करत.

दादाचं तोंड लाल झालं. "म्हणजे बाबांचं नाव काढायचं? बारा वर्षांनी? लोक काय म्हणतील, दुसऱ्याचं स्वतःच्या नावावर खपवलं?"

"त्यांनी कुठे खपवलं? वहीवर नाव दाखव मला."

दादाने वही घेतली. पहिलं पान पाहिलं, शेवटचं पाहिलं, पुठ्ठ्याच्या आत पाहिलं. नाव कुठेच नव्हतं. ते बाबांचं नाव दादानेच घातलं होतं, टाइप करताना, आणि त्याआधी सगळ्या गल्लीने.

"आमच्याकडेही तेच झालंय," मास्तर त्यांच्या ग्रंथावरून मान वर न करता म्हणाले. "येशूची चार चरित्रं आहेत यात. चौघांची नावं वर आहेत. पण मजकुरात आत एकाही लिहिणाऱ्याने आपलं नाव सांगितलेलं नाही. नावं मागाहून लागली, असं पुष्कळ जण मानतात. लबाडीने नव्हे. माणसाला पुस्तक पोरकं बघवत नाही."

दादा स्टुलावर बसला. लाल पेन खिशात होतं, त्याच्यावर हात ठेवून बसला. मग तो म्हणाला, "मी तिथे होतो."

"कुठे?"

"त्या टेबलाशी. सहा वर्षांचा होतो. फर्मे दुमडत बसायचो त्यांच्यासमोर. आई डोळे मिटून हात हलवायची, बाबा लिहायचे. मला वाटायचं, आई आजारी आहे आणि बाबा तिला गोष्ट सांगतायत." त्याने चष्मा पुसला. "मी सगळ्यांना सांगत आलो, की बाबांनी वही लिहिली तेव्हा मी समोर होतो. डोळ्यांनी पाहिलंय म्हणून."

चौकशीबाईने वही आईच्या पानांवर उघडून त्याच्यापुढे सरकवली.

मग दादा उठला, छापील गठ्ठ्यातली ती अकरा पानं काढली आणि त्यांचे नीट चार तुकडे केले. मागच्या खोलीत गेला. बाकीचे त्याच्यामागून. "आई," तो म्हणाला, "पानं आहेत तशी जातील. वर तुझं नाव घालतो."

"एकटीचं नको," आई म्हणाली. "मी नुसती बोलले असते तर वाऱ्यावर गेलं असतं. दोघांचं घाल. आणि उजव्या हाताच्या पोरांचं काय? ती गुंता करतील."

"मग पानाच्या आधी एक सूचना टाकू. तू सांग, मी लिहितो. एक ओळ."

दादाने पाठकोरा कागद घेतला, आईसमोर छोटं टेबल ओढलं. आई म्हणाली, "लिही. ही पानं डाव्या हाताची आहेत. उजव्या हाताच्या माणसाने समोर आरसा ठेवावा, नाहीतर समोर डावखुरं माणूस बसवावं. माणूस बसवलेलं बरं." मग म्हणाली, "आणि अजून एक राहिलं होतं तेव्हा, जाड कागदाचं." मग अजून एक राहिलं होतं, ओल्या दिवसांत दोऱ्याचं काय करायचं ते. मग तिसरं.

"यिर्मया नावाचा एक संदेष्टा होता," मास्तर दारात चौकशीबाईच्या कानात म्हणाले. "तो सांगायचा आणि बारुख नावाचा लेखनिक लिहायचा. ती गुंडाळी राजाने सुरीने कापून जाळली. तर दोघं पुन्हा बसले आणि पुन्हा सगळं लिहिलं. आणि शास्त्रात म्हटलंय की दुसऱ्या वेळी त्यात आणखी पुष्कळ शब्दांची भर पडली."

"कुणी घातली भर? सांगणाऱ्याने की लिहिणाऱ्याने?"

"ते लिहिलेलं नाही," मास्तर म्हणाले.

चौकशीबाईने आत पाहिलं. पावणेपाच झाले होते. छापखान्याला सोमवार सांगावा लागणार होता, आणि दादा, जन्मभर कुणाचं वाक्य सरळ न सोडणारा दादा, मान खाली घालून एकही शब्द न बदलता लिहीत होता. पंख्याच्या वाऱ्याने कागद उडायला लागला. आईने डावा हात शालीबाहेर काढला, कागदावर दाबून ठेवला आणि म्हणाली, "हं, लिही पुढे."